व्हॉल्व्ह अ‍ॅम्पच्या चासीला भोकं पाडायची: स्टेप ड्रिल, होल सॉ, पंच की लेझर?

वाइंडिंगवाल्याकडून ट्रान्सफॉर्मर आले, व्हॉल्व्ह, म्हणजे काचेच्या नळ्या, मिळाले, सर्किट ठरलं आणि काम अडलं ते चासीच्या, म्हणजे सगळे पार्ट ज्यावर बसतात त्या खोक्याच्या, पत्र्यापाशी. ३ मिमीचं भोक कोणीही पाडेल. २२ किंवा २८ मिमीचं गोल, स्वच्छ भोक, तेही शेजारच्या स्क्रूच्या भोकांशी बरोबर जुळणारं, हा वेगळा मामला आहे. जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबारकडे राहून हे करायचं तर मुख्य पर्याय चार: स्टेप ड्रिल, होल सॉ, पंच-डाय आणि लेझर.

माझं मत आधीच सांगून टाकतो. अल्युमिनियमच्या पत्र्यावर पहिलाच अ‍ॅम्प असेल तर स्टेप ड्रिल घ्या. लोखंडी पत्रा असेल किंवा सॉकेटं (व्हॉल्व्ह ज्यात खोचतात ती) पाच-सहाच्या वर जात असतील तर इलेक्ट्रिकल पॅनेल बनवणारा गाठा आणि त्याचा पंच वापरा. एकाच मापाच्या दोन-तीन चासी हव्या असतील तर लेझर. हार्डवेअरचा दुकानदार सगळ्यात आधी होल सॉ काढून दाखवतो. माझ्या यादीत तो शेवटी आहे.

आधी सॉकेट, मग हत्यार

कुठलंही हत्यार घेण्याआधी सॉकेट हातात हवं आणि शेजारी मापायला व्हर्नियर कॅलिपर हवा. इंटरनेटवरच्या मापांवर जाऊ नका. ईसीसी ८३ किंवा ईएल ८४ या व्हॉल्व्हचं नऊ पिनांचं, म्हणजे नोव्हल, सॉकेट बेकेलाइटचं असेल तर साधारण १९ मिमीचं भोक लागतं, सिरॅमिकचं असेल तर २२. ईएल ३४, ६एल६, जीझेड ३४ यांचं आठ पिनांचं ऑक्टल सॉकेट २८ ते ३० मिमी मागतं, बनावटीप्रमाणे थोडं कमी-जास्त. सॉकेट वरून बसवणार की पत्र्याच्या खालून, हेही आताच ठरवा. ऑक्टल व्हॉल्व्हचा बूड भोकापेक्षा रुंद असतो. सॉकेट खालून लावलं तर बूड पत्र्याला टेकतो आणि पिना पूर्ण आत जात नाहीत.

आता नऊ पिनांच्या सॉकेटचा हिशोब बघा, कारण हत्याराची निवड खरी इथे ठरते. त्याच्या दोन स्क्रूंमधलं अंतर २८ मिमी, म्हणजे मध्यापासून स्क्रू १४ मिमीवर. भोक २२ चं केलं तर त्याची कड ११ वर येते. स्क्रूचं भोक ३ मिमीचं, त्याची आतली कड साडेबारावर. दोन्हींच्या मध्ये पत्रा उरतो दीड मिमी. तेच भोक २४ चं झालं तर उरतो अर्धा मिमी, आणि स्क्रू आवळताना तो अर्धा मिमी फाटतो. ऑक्टलला स्क्रूचं अंतर ३८ मिमी असल्याने २८ ऐवजी ३० झालं तरी अडीच मिमी शिल्लक राहतो. म्हणून ऑक्टलला चुकीला जागा आहे, नोव्हलला नाही.

स्टेप ड्रिल

पायऱ्यापायऱ्यांचा शंकू, आपल्याकडे कोणी कोन बिटही म्हणतं. ४ ते १२, ४ ते २० आणि ४ ते ३२ अशा तिघांचा संच सगळीकडे मिळतो. तुम्हाला लागणार ४ ते ३२ वाला. पायरी दोन-दोन मिमीची असते, त्यामुळे २२, २८, ३० जमतात, १९ जमत नाही. बेकेलाइट सॉकेट असेल तर १८ पर्यंत जाऊन अर्धगोल कानशीने उरलेलं काढायचं किंवा सरळ सिरॅमिक सॉकेट घ्यायचं. मी दुसरंच सुचवेन, उष्णतेलाही ते बरं.

याचा मोठा गुण म्हणजे भोक गोल येतं. साध्या ड्रिल बिटने पातळ पत्र्यात मोठं भोक पाडलं की ते त्रिकोणी निघतं, कारण टोक आरपार गेल्यावर बिटाला धरून ठेवायला काही उरत नाही. स्टेप ड्रिलमध्ये प्रत्येक पायरीला आधीच्या पायरीचं भोक आधार देतं. शिवाय पुढच्या पायरीची कड जरा टेकवली की वरचा बर, म्हणजे कडेला उरलेली धारदार कुसळं, तीही निघतात.

धोकाही तिथेच आहे. टेकवता टेकवता हात एक पायरी खाली गेला की वर मोजलेला दीड मिमी अर्ध्या मिमीवर येतो. २२ च्या पायरीच्या लगेच वर रंगीत टेप गुंडाळा आणि टेप पत्र्याजवळ आली की ट्रिगर सोडा. मशीन हळू चालवणं महत्त्वाचं. घरातली साधी १० मिमीची ड्रिल मशीन अडीच हजार फेऱ्यांच्या वर पळते. स्पीड कंट्रोल नसेल तर मशीन शेजाऱ्याकडून उसनी आणा, पण त्या वेगाने भोक पाडू नका. अल्युमिनियम गरम होऊन कडांना चिकटतं, मग बिट कापायच्या ऐवजी घासत बसतं. थोडं रॉकेल मिळालं तर उत्तम, नाहीतर गंज सोडवायचा स्प्रे चालतो. लोखंडाला कटिंग ऑइल.

१.५ ते २ मिमीच्या अल्युमिनियमवर स्टेप ड्रिल मजेत चालतो. १६ गेज म्हणजे साधारण १.६ मिमी, तो घ्या. १८ गेजच्या लोखंडी पत्र्यावर, म्हणजे १.२ मिमीवर, स्वस्तातला बिट दोन-चार मोठ्या भोकांनंतर बोथट वाटायला लागतो. स्टेनलेसवर तर वापरूच नका. स्टेनलेस घासलं की आणखी कडक होतं, आणि हरतो तो बिट.

पंच-डाय

ज्यांनी चांगल्या कंपनीचा जुना अ‍ॅम्प उघडून पाहिलाय त्यांना त्या भोकांच्या कडा आठवत असतील. बर नाही, ओरखडा नाही. ते पंचाचं काम. तीन भाग असतात: एका बाजूला धारेचा पंच, दुसऱ्या बाजूला पोकळ डाय, मधून बोल्ट. आधी १० ते १२ मिमीचं भोक पाडायचं, बोल्ट आरपार घालायचा, पान्याने आवळत जायचं. पंच पत्रा चिरत डायमध्ये शिरतो आणि गोल टिकली खाली पडते. बोल्टला ग्रीस लावा, नाहीतर पत्र्याच्या आधी आटे जातात.

व्हॉल्व्हच्या मापाचा पंच विकत आणायचा तर महाग पडतो आणि बहुतेक वेळा बाहेरून मागवावा लागतो. पण खान्देशात तो आधीच आहे, फक्त दुसऱ्या धंद्यात. केळी आणि कपाशीच्या शेतात जितके पंप, तितकेच स्टार्टर पॅनेल, आणि पॅनेल बनवणाऱ्याचं पंचाशिवाय चालत नाही. पॅनेलवरचं पुश बटण आणि इंडिकेटर साडेबावीस मिमीच्या भोकात बसतात. तुमच्या सिरॅमिक नोव्हल सॉकेटचं माप जवळपास तेच. केबल ग्लँडसाठी, म्हणजे केबल पॅनेलमध्ये घट्ट धरणाऱ्या नटासाठी, त्याच्याकडे पीजी या ठरलेल्या मापांचे पंच असतात. पीजी २१ चं भोक साडेअठ्ठावीसच्या आसपास येतं, ते बऱ्याच ऑक्टल सॉकेटांना चालतं. म्हणजे नोव्हल आणि ऑक्टल दोन्ही मापं जळगाव किंवा धुळ्याच्या एमआयडीसीतल्या एकाच वर्कशॉपमध्ये मिळू शकतात. सॉकेट बरोबर न्या आणि त्याच्या भंगारातल्या तुकड्यावर एक भोक आधी पाडून बघा. नोव्हलला साडेबावीस म्हणजे मघाचा दीड मिमी सव्वावर येतो. तेवढा पुरतो, पण स्क्रूची भोकं मग अचूकच हवीत.

पॅनेलवाल्याचा पहिला प्रश्न ठरलेला: "भाऊ, पत्रा कितला जाड शे?" उत्तर तयार ठेवा. हाताच्या पान्यावर १.५ मिमी लोखंड किंवा २ मिमी अल्युमिनियम आरामात होतं, त्यापुढे हायड्रॉलिक लागतो आणि तोही अशा लोकांकडे असतो. मध्यबिंदू सेंटर पंचाने घरूनच मारून न्या. वर्कशॉपच्या गर्दीत मोजमाप करत बसलात तर तो वैतागेल, आणि बरोबरच आहे त्याचं. डाय भोकापेक्षा चांगलीच रुंद असते, त्यामुळे वाकवलेल्या कडेच्या अगदी जवळ भोक ठेवू नका. कड आडवी आली की डाय बसत नाही.

लाइटचा मुद्दाही आहेच. मे महिन्यात दुपारी वीज गेली तरी पंच अडत नाही, फक्त सुरुवातीचं भोक आधी पाडून ठेवलेलं असावं.

नोव्हलचं १९ चं मापच हवं असेल तर लेथवाल्याकडून पंच-डाय करून घेता येतो. पोलाद कडक करून घ्यावं लागतं आणि पंच व डाय यांच्यात १.६ मिमी अल्युमिनियमसाठी चहूबाजूंनी दशांश मिमीच्या आसपास फट ठेवावी लागते. फट जास्त झाली की पत्रा कापला न जाता आत ओढला जातो. पाच-दहा अ‍ॅम्प बनवायचा विचार असेल तरच या भानगडीत पडा.

होल सॉ

वाटीच्या आकाराची, कडेला दात असलेली करवत. स्वस्त, सगळ्या मापांत, कुठेही मिळणारा. लाकडासाठीचा जो एकात एक बसणारा संच मिळतो तो पत्र्याला लावूच नका, पहिल्या भोकातच दात जातात. बायमेटल घ्यायला हवा, आणि त्याचे दातही पातळ पत्र्यासाठी मोठेच पडतात. एक दात पत्र्यात अडकला की मशीन फिरते आणि मनगट तिच्याबरोबर फिरतं. ३० मिमीच्या बायमेटल होल सॉला लोखंडावर मिनिटाला तीनशेच्या आत आणि अल्युमिनियमवर चारशेच्या आसपास फेऱ्या हव्यात. हातातली मशीन यापेक्षा कितीतरी वेगाने पळते.

पिलर ड्रिल, म्हणजे स्टँडवरची मशीन, असेल, पत्र्याखाली जाड प्लायवूड असेल आणि दोन्ही सी-क्लॅम्पने घट्ट धरलेले असतील, तर मात्र काम ठीक होतं. तरी कड खडबडीत येतेच आणि मधलं पायलट बिट सैल असेल तर भोक मापापेक्षा मोठं निघतं. ऑक्टलला खपून जाईल, नोव्हलला नाही. एका पात्याचा सर्कल कटर याहून वाईट. तो पिलर ड्रिलशिवाय वापरणं म्हणजे दवाखान्याची तयारी.

लेझर

कागदावर सगळ्यात सरस. गोल, चौकोनी, पॉवर सॉकेटचा खाचेदार आकार, ट्रान्सफॉर्मरची खिडकी, सगळं एका फेरीत. आणि आपल्याकडे एक जास्तीचं कारण आहे. जळगाव-भुसावळचा मे ४५ अंशांना टेकतो. ईएल ३४ चा नुसता हीटरच साडेनऊ वॅट खातो, प्लेटची उष्णता वेगळी. प्रत्येक सॉकेटभोवती ५-६ मिमीच्या भोकांचं कडं हवं, तळाच्या झाकणालाही हवं. चार पॉवर व्हॉल्व्ह असतील तर हाताने ही भोकं पाडण्यात रविवार जातो. लेझरला काही मिनिटं लागतात.

अडचण ही की एका नगाला कोणी फारसं विचारत नाही, आणि विचारलं तरी किमान मजुरी तुमच्या पत्र्याच्या किमतीच्या वर जाते. जवळ कोणी तयार नसेल तर नाशिकला सातपूर किंवा अंबडला चक्कर. डीएक्सएफ फाइल, म्हणजे कॉम्प्युटरवरचं मापाचं ड्रॉइंग, तयार हवी. फाइलमध्ये भोकाचं तयार मापच द्या, लेझरची रुंदी त्यांचं सॉफ्टवेअर धरतं. पत्र्याच्या जाडीपेक्षा लहान भोक ठेवू नका. पाठवण्याआधी फाइलचा एकास एक मापात प्रिंट काढा, पुठ्ठ्यावर चिकटवा आणि प्रत्येक सॉकेट, पॉट (आवाज कमी-जास्त करायचा कंट्रोल), ट्रान्सफॉर्मर त्यावर ठेवून बघा. लेझर चुकीचं भोकही तितक्याच अचूकतेने पाडतो.

वाकवण्याचं मापही त्यांच्याकडूनच विचारून घ्या. कुठल्या मशीनवर किती पत्रा वळणात जातो हे त्यांनाच ठाऊक. तेच काम स्वस्तात करायचं तर कूलर बनवणारे आहेत, त्यांच्याकडे कातर आणि बेंडिंग दोन्ही असतं. मात्र मार्च उजाडल्यावर त्यांच्या दारात जाऊ नका, आणि पत्रा तुमचाच न्या. कूलरचा पत्रा सहा-सात किलोच्या ट्रान्सफॉर्मरांखाली झोळी होतो.

चौकोनी भोकं आणि रंग

लेझर सोडला तर चौकोनी भोकाला शॉर्टकट नाही. रेषेच्या आतून ४ मिमीची भोकं ओळीने पाडायची, मधले दुवे कापायचे, कानस मारायची. जिगसॉ चालतो, ब्लेड बारीक दातांचं धातूचं हवं आणि पत्रा दोन लाकडांत आवळलेला हवा. पत्रा कुरतडत कापणारा हाताचा निबलर मिळाला तर अल्युमिनियमवर त्याच्याइतकं सुखाचं काही नाही.

मंडप-डेकोरेटरकडे जुना व्हॉल्व्हचा, लाउडस्पीकर चालवणारा पीए अ‍ॅम्प मरून पडलेला असेल तर त्याची चासी बघून घ्या. सॉकेटची भोकं, ट्रान्सफॉर्मरची खिडकी, सगळं कारखान्यात पंच केलेलं असतं. चालू अवस्थेतला असेल तर मात्र तो तसाच राहू द्या.

भोकं पाडताना चष्मा घाला, हातमोजे घालू नका, फिरत्या बिटात ते गुंडाळले जातात. सगळी भोकं एकही पार्ट बसवण्याआधी पाडा. अल्युमिनियमचा किस सॉकेटच्या पिनांमध्ये जाऊन बसला तर तिथे तीनशे-चारशे व्होल्ट असतात.

पावडर कोटिंग करणार असाल तर भोकं त्याआधीच पाडून घ्या आणि माप दोन-तीन दशांश मिमी मोठं ठेवा, कारण रंगाचा थर भोकाच्या आतही चढतो. अर्थिंगच्या बोल्टची जागा कोटिंगवाल्याला टेप लावून झाकायला सांगा. तो विसरला तर सॅंडपेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा, दातेरी वॉशर लावा आणि मल्टिमीटरने प्लगच्या अर्थ पिनेपासून चासीपर्यंत रेझिस्टन्स मोजा. आकडा शून्याजवळ आल्याशिवाय मेन्स जोडू नका.