जैसलमेरजवळच्या समच्या वाळूतल्या कॅम्पवरून पुण्याला परत: बाडमेरमार्गे की जोधपूर-उदयपूर करत?

डिसेंबर आला की ग्रुपमधलं कोणीतरी मला हे विचारतंच. जायचं कसं ते सगळ्यांचं ठरलेलं असतं, परतीचं कोणी बघतच नाही. मी दोन्हीकडून आलोय, एकदा दोन गाड्या घेऊन बाडमेरवरून आणि एकदा बारा जणांची टेम्पो ट्रॅव्हलर करून जोधपूरवरून.

आधी वेळेचं बघा. समला रात्री कालबेलिया नाच, मग डीजे, मग शेकोटी, झोपायला एक वाजतो आणि पहाटे कुडकुडत परत सूर्योदय बघायला वाळूवर. मग नाश्ता, आंघोळी, कोणाचातरी हरवलेला चार्जर, असं करत गाडी हलते दहाला. सहाला निघू म्हणणाऱ्याचं ऐकू नका (मीच म्हणालो होतो).

बाडमेरमार्गे समपासून अहमदाबाद साधारण 570 किमी आणि तिथून पुणे 660 च्या आसपास, म्हणजे अहमदाबादला मुक्काम धरून दोन दिवसांत घरी. जैसलमेर, बाडमेर, धोरीमन्ना, सांचोर की लागलाच गुजरात. रस्ता सरळसोट, गर्दी नाही, आणि खरा त्रास तोच आहे कारण रात्री कोणी झोपलेलं नसतं, जेवण झालं की मागचे सगळे आडवे, आणि ड्रायव्हर एकटा डोळे ताणत बसलेला, समोर नुसती खेजडीची झाडं. बघायला जैसलमेरपासून 17 किमीवर आकलचं फॉसिल पार्क आहे, 18 कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांचे दगड झालेत, अर्धा तास पुरतो. अंधार पडला की गायी, उंट, नीलगाय काहीही आडवं येतं, त्यामुळे उजेडात सांचोर गाठायचंच.

आमचा टायर धोरीमन्नाच्या अलीकडे बसला. स्टेपनी डिकीच्या तळाशी, म्हणून भर उन्हात सात बॅगा, दोन चादरींची गाठोडी आणि चिवड्याचा डबा रस्त्याकडेला मांडला, जी बॅग उचलावी तिच्यातून वाळूची धार, आणि एवढं करून स्टेपनीत हवाच नाही. दुसऱ्या गाडीत ती टाकून पंक्चरवाला शोधला, दीड तास गेला. निघायच्या आदल्या दिवशी जैसलमेरातच स्टेपनीची हवा आणि फुल टाकी बघून घ्या.

जोधपूरमार्गे अहमदाबादपर्यंतच अडीचशेएक किमी जास्त पडतात आणि मुक्काम एकाऐवजी तीन होतात: जोधपूर, उदयपूर आणि तिसरा सुरत-वापीच्या पट्ट्यात कुठेतरी. पण पहिल्या दिवशी सव्वातीनशे किमीच जायचंय, दहाला निघालात तरी संध्याकाळी जोधपुरात गरम मिरचीवडा हातात. दुसऱ्या दिवशी पालीवरून राणकपूर. तिथल्या जैन मंदिरात पर्यटकांना दुपारी 12 नंतरच सोडतात, त्यामुळे जोधपूरहून आरामात आवरून निघालात तरी चालतं. 1444 खांब म्हणतात, माझ्या सासूबाई मोजायला बसल्या आणि चाळीसला चुकल्या.

खर्चात एक गोम आहे. भाड्याच्या ट्रॅव्हलरला बहुतेक जण दिवसाला कमीत कमी 300 किमीचे पैसे लावतात, जोधपूर-उदयपूर आहे अडीचशे, म्हणजे न चाललेल्या किलोमीटरचे पण द्यायचे, वर ड्रायव्हरचा भत्ता आणि दोन जास्तीच्या रात्रींचं हॉटेल. स्वतःच्या गाड्या असतील तर एवढं जाणवत नाही.

माझं मत विचाराल तर प्रत्येक गाडीत दोन चालवणारे असतील आणि ते दोघं डीजे सोडून अकराला झोपणार असतील तरच बाडमेर. चालवणारा एकच असेल, किंवा सोबत आईवडील आणि लहान पोरं असतील तर दोन सुट्ट्या जास्त टाका आणि जोधपूरने या. एका चालवणाऱ्याने अहमदाबादेत न थांबता थेट पुणं, हा विचारच करू नका, आमच्यातल्या एकाने करून बघितला, भरूचला गाडी बाजूला लावून चार तास झोपला.

कॅम्पवर उरलेल्या बाटल्यांचं काय ते राजस्थानातच उरका. दोन्ही रस्ते गुजरातमधूनच जातात, तिथे दारूबंदी आहे आणि सीमेवर डिकी उघडायला लावतात. आणि कुठूनही या, रविवारी संध्याकाळी ठाण्याच्या घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये पोचाल असा हिशोब तेवढा करू नका.