मे महिन्यात प्रयोगशाळेत काय बसवावे: इन्स्टॉलरच्या शेवटच्या दुरुस्त्यांवरून डेबियन, उबंटू आणि फेडोरा यांची तुलना

सांगली जिल्ह्यातील शाळा आणि कनिष्ठ महाविद्यालयांच्या संगणक प्रयोगशाळांना नवी कार्यप्रणाली बसवण्यासाठी वर्षभरात सलग असा एकच काळ मिळतो, तो म्हणजे परीक्षा आटोपल्यापासून जूनच्या मध्यावर शाळा उघडेपर्यंतचा. दिवाळीची सुट्टी तीस-चाळीस यंत्रांच्या कामाला अपुरी पडते. जुलै-ऑगस्टमध्ये तर कृष्णा-वारणेच्या काठच्या गावांत तळमजल्यावरची यंत्रे वर हलवण्याचीच तयारी ठेवावी लागते; २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेल्या कोणालाही याचे कारण सांगावे लागत नाही. त्यामुळे प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या शिक्षकांकडून दर उन्हाळ्यात एकच प्रश्न येतो: लिनक्स या मुक्त कार्यप्रणालीच्या रूपांपैकी यंदा डेबियन घ्यावे, उबंटू घ्यावे की फेडोरा?

या प्रश्नाचे उत्तर बहुधा पडद्याच्या रूपावरून किंवा सोबत येणाऱ्या सॉफ्टवेअरवरून दिले जाते. माझे मत वेगळे आहे. प्रयोगशाळेपुरते पाहायचे, तर प्रकाशनाच्या आधीच्या शेवटच्या आठवड्यांत इन्स्टॉलरमधल्या, म्हणजे प्रणाली यंत्रावर बसवून देणाऱ्या प्रोग्राममधल्या, दुरुस्त्या कशा बसवल्या जातात आणि त्यानंतर सापडलेल्या दोषाचे काय होते, यावरच निवड करावी. कारण आपला त्या प्रणालीशी सर्वांत कठीण संबंध त्या चाळीस यंत्रांच्या पहिल्या दोन दिवसांतच येतो.

इन्स्टॉलर हा एकसंध प्रोग्राम नसतो. कर्नल (प्रणालीचा गाभा), डिस्कची विभागणी करणारी साधने, सही केलेला बूटलोडर (यंत्र सुरू होताच प्रणाली उघडणारा प्रोग्राम), वायफाय कार्डाचे फर्मवेअर (कार्डाच्या आत चालणारे सॉफ्टवेअर), पडद्यावरच्या मजकुराची भाषांतरे आणि पॅकेजेसचे, म्हणजे सॉफ्टवेअरच्या तयार गठ्ठ्यांचे, भांडार हे सगळे वेगवेगळ्या लोकांच्या हाती असते, आणि यांपैकी एक जरी शेवटच्या क्षणी बदलले तरी इन्स्टॉलर पुन्हा बांधावा लागतो, आयएसओ (पेनड्राइव्ह किंवा डीव्हीडीवर उतरवायच्या स्थापना-फायली) पुन्हा तयार करावे लागतात आणि चाचण्या पुन्हा घ्याव्या लागतात. साखळीतली शेवटची कडी असल्यामुळे इतर सर्वांचा उशीर इन्स्टॉलरच्या माथी येतो. तिन्ही प्रकल्पांपुढची अडचण हीच आहे. ती सोडवण्याच्या त्यांच्या रीती मात्र वेगळ्या आहेत.

डेबियनची रीत तारखेपेक्षा तयारीला मान देणारी आहे. बदल थांबवण्याचा काळ, ज्याला सगळे फ्रीज म्हणतात, टप्प्याटप्प्याने कडक होत जातो. डेबियन १३ साठी तो १५ मार्च २०२५ ला सुरू झाला आणि प्रकाशन ९ ऑगस्ट २०२५ ला झाले. या काळात इन्स्टॉलरच्या उपयोगाची छोटी पॅकेजे वेगळी अडवून ठेवली जातात, म्हणजे एखाद्याने डिस्कसंबंधीच्या साधनाची नवी आवृत्ती आणली तरी इन्स्टॉलर सांभाळणाऱ्यांच्या संमतीशिवाय ती पुढे सरकत नाही. मग कर्नल ठरतो, त्या कर्नलवर इन्स्टॉलर बांधला जातो आणि रिलीज कॅन्डिडेट, म्हणजे प्रकाशनापूर्वीची चाचणी-आवृत्ती, बाहेर पडतो. त्यात काही आढळले की ही फेरी पुन्हा होते. डेबियन १२ च्या वेळी, १० जून २०२३ च्या प्रकाशनापूर्वी, अशा चार रिलीज कॅन्डिडेटपर्यंत मजल गेली होती. प्रकाशनाच्या दिवशीही आधी भांडार हलवले जाते, मग आयएसओ तयार होतात, आणि स्वयंसेवक ते प्रत्यक्ष यंत्रांवर चालवून पाहतात तेव्हाच घोषणा होते.

या पद्धतीतली एक खाच प्रयोगशाळेला थेट लागते, म्हणून तिच्यावर थोडे थांबतो. नेटवर्कवरून यंत्रे सुरू करण्यासाठी ज्या नेटबूट फायली मिळतात, त्यांत कर्नल आधीच बांधलेला असतो, पण त्याची बरीचशी मॉड्युले, म्हणजे त्याला जोडले जाणारे तुकडे, भांडारातून उतरवली जातात. भांडारातला कर्नल पुढे सरकला की जुन्या नेटबूट फायलींना आपल्याशी जुळणारी मॉड्युले मिळत नाहीत आणि स्थापना अर्ध्यावर थांबते. मे २०२३ मध्ये मी हे स्वतः अनुभवले. रिलीज कॅन्डिडेटच्या फायली सर्व्हरवर ठेवून पहिल्या दिवशी दहा यंत्रे व्यवस्थित झाली. मध्ये काही दिवसांचा खंड पडला. नंतरच्या प्रत्येक यंत्राने कर्नल मॉड्युले सापडत नसल्याचा संदेश दाखवला. चूक माझी होती, कारण नव्या फायली उतरवून घेतल्या असत्या तर काम अडले नसते. नेटइन्स्टच्या (बाकीची पॅकेजे इंटरनेटवरून घेणाऱ्या छोट्या) किंवा डीव्हीडीच्या आयएसओमध्ये मॉड्युले आतच असल्याने ही अडचण येत नाही. त्यामुळे ज्यांना सर्व्हरकडे रोज लक्ष देता येणार नाही, त्यांनी नेटबूटच्या वाटेला न जाता पेनड्राइव्ह वापरावे, असे मी आग्रहाने सांगतो.

डेबियनमध्ये प्रकाशनानंतर सापडलेला इन्स्टॉलरचा दोष पुढच्या पॉइंट रिलीजमध्ये (त्याच आवृत्तीच्या, दुरुस्त्या एकत्र केलेल्या प्रकाशनात), म्हणजे साधारण दोन-तीन महिन्यांनी, नव्या आयएसओतून दुरुस्त होतो. हा मार्ग संथ आहे, पण आवश्यक तेव्हा थांबण्याचे बळ त्यात आहे. डिसेंबर २०२३ मध्ये १२.३ ची पॅकेजे भांडारात गेल्यावर कर्नलमधला एक दोष लक्षात आला, ज्यामुळे एक्स्ट४ फाइलप्रणालीवरची माहिती बिघडू शकत होती. तेव्हा १२.३ चे आयएसओ रोखून धरले गेले आणि १० डिसेंबरला सुधारलेल्या कर्नलसह थेट १२.४ प्रसिद्ध झाले. विद्यार्थ्यांचे वर्षभराचे काम ज्या डिस्कवर राहणार, तिच्या बाबतीत इतकी सावधगिरी मला फार मोलाची वाटते.

उबंटू याच्या उलट टोकाला आहे. तेथे तारीख आधी ठरते आणि काम त्या तारखेत बसवले जाते. एप्रिल आणि ऑक्टोबर हे महिने ठरलेले असतात. दीर्घ मुदतीच्या, म्हणजे अनेक वर्षे दुरुस्त्या मिळणाऱ्या, आवृत्तीची तारीख २००६ मध्ये एकदाच, एप्रिलवरून १ जूनवर, ढकलली गेली. मार्च २०२४ च्या अखेरीस एक्सझेड संकुचन-साधनात दडवलेला चोरदरवाजा उघडकीस आला, तेव्हा उबंटूने २४.०४ ची, म्हणजे एप्रिल २०२४ च्या आवृत्तीची, पॅकेजे पुन्हा बांधली आणि बीटा, म्हणजे चाचणीची आवृत्ती, आठवडाभर पुढे नेली, पण अंतिम आवृत्ती ठरल्याप्रमाणे २५ एप्रिललाच दिली. कमी दिवसांत एवढे काम निभावणे सोपे नव्हे, आणि मे महिन्याची सुट्टी गाठायची असणाऱ्याला ही नियमितता निश्चितच सोयीची आहे.

मात्र तारीख अचल ठेवली की उरलेल्या दुरुस्त्यांना कुठेतरी जागा द्यावीच लागते. उबंटूने ती इन्स्टॉलरच्याच आत दिली आहे. नवा इन्स्टॉलर स्नॅपच्या (स्वतंत्रपणे अद्ययावत होणाऱ्या पॅकेजच्या) रूपात येतो, सुरू होताच आपली नवी आवृत्ती उपलब्ध आहे का ते पाहतो आणि असल्यास स्वतःला अद्ययावत करण्याची मुभा देतो. चांगले इंटरनेट असलेल्या विश्रामबागेतल्या महाविद्यालयात याचा फायदा होतो, कारण एप्रिलचा आयएसओ मे महिन्यातली दुरुस्ती घेऊन चालू शकतो. जत किंवा आटपाडी तालुक्यातल्या एखाद्या शाळेत, जिथे शिक्षकाच्या मोबाइलवरूनच इंटरनेट घ्यावे लागते, तिथे हीच सोय निरुपयोगी ठरते. तिथल्या यंत्रांना आयएसओ जसा प्रसिद्ध झाला तसाच वापरावा लागतो. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते: काही यंत्रांवर इन्स्टॉलर अद्ययावत केला आणि काहींवर नाही, तर एकाच खोलीत दोन वेगवेगळ्या इन्स्टॉलरांनी बसवलेली यंत्रे तयार होतात, आणि पुढे दोष शोधताना त्याचा त्रास होतो. म्हणून सर्व यंत्रांना एकच नियम लावावा.

उबंटूची पुढची दुरुस्ती पॉइंट रिलीजमध्ये येते. २४.०४.१ ऑगस्टच्या मध्यावर येणार होते. ते थोडे लांबून २९ ऑगस्ट २०२४ ला आले. २४.०४.२ हे २० फेब्रुवारी २०२५ ला आले. पहिली तारीख आपल्या शाळा सुरू झाल्यावरची आहे आणि दुसरी परीक्षेच्या तोंडावरची, हे लक्षात ठेवावे. त्याचा उपयोग पुढे होणार आहे.

भाषांतरांचा विषय इन्स्टॉलरच्या बाबतीत दुय्यम मानला जातो, पण मराठी माध्यमाच्या शाळेसाठी तो दुय्यम नाही. उबंटू २३.१० हे १२ ऑक्टोबर २०२३ ला प्रसिद्ध झाल्यावर काही तासांतच त्याच्या डेस्कटॉप इन्स्टॉलरच्या युक्रेनियन भाषांतरात कोणीतरी द्वेषपूर्ण मजकूर घुसवल्याचे उघड झाले, आयएसओ काढून घ्यावे लागले आणि नंतर स्वच्छ करून पुन्हा द्यावे लागले. सगळ्या तांत्रिक चाचण्या पार पडल्या होत्या. ती भाषा वाचणाऱ्या माणसाच्या नजरेखालून अंतिम पडदे गेले नव्हते, एवढेच कमी पडले होते. डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये मराठी फेब्रुवारी २००९ च्या लेनी आवृत्तीपासून आहे. देवनागरी अक्षरे दिसण्यासाठी चित्रमय इन्स्टॉलर निवडावा लागतो, साध्या मजकुरी पडद्यावर ती मांडता येत नाहीत. फ्रीजच्या काळात एखाद्या शिक्षकाने ते मराठी पडदे एकदा शेवटपर्यंत वाचून चुका कळवल्या, तर त्या प्रकाशनापूर्वी सुधारता येतात. फ्रीजच्या अखेरच्या दिवसांत कळवलेली चूक मात्र पुढच्या पॉइंट रिलीजची वाट पाहते.

फेडोराचा विचार थोडक्यात करतो, कारण निवडीच्या दृष्टीने त्याचा निकाल लवकर लागतो. शिस्तीच्या बाबतीत ते तिघांत सर्वांत स्पष्ट आहे. इन्स्टॉलर कोणत्या परिस्थितीत चाललाच पाहिजे याचे निकष लिहून ठेवलेले असतात, त्यांत न बसणारा दोष प्रकाशन रोखणारा ठरवला जातो, आणि प्रकाशन करायचे की नाही हे ठरवणाऱ्या गो-नो-गो बैठकीत असा एकही दोष शिल्लक असेल तर तारीख पुढे जाते. इन्स्टॉलरचा पडदा नव्याने लिहिला गेला, त्या वेळी फेडोरा १८ हे नोव्हेंबर २०१२ वरून १५ जानेवारी २०१३ पर्यंत लांबले. पण प्रत्येक आवृत्तीला साधारण १३ महिनेच आधार मिळतो, म्हणजे या मे महिन्यात बसवलेली प्रयोगशाळा पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा उघडावी लागते, आणि प्रकाशनानंतर आयएसओ सहसा बदलले जात नाहीत. ज्या अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थ्यांना नवी साधने शिकवणे हाच हेतू आहे आणि हाताशी जाणते विद्यार्थी आहेत, तिथे फेडोरा जरूर घ्यावे. शाळेसाठी मी ते सुचवत नाही.

म्हणजे निवड डेबियन आणि उबंटू यांच्यात उरते, आणि येथे दिनदर्शिका आश्चर्यकारकरीत्या मदतीला येते. डेबियनच्या २००५ पासूनच्या सर्व मुख्य आवृत्त्या विषम वर्षांत आल्या आहेत. अलीकडच्या चार तर जून ते ऑगस्टमध्येच: ६ जुलै २०१९, १४ ऑगस्ट २०२१, १० जून २०२३ आणि ९ ऑगस्ट २०२५. उबंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्त्या सम वर्षांच्या एप्रिलमध्ये येतात. त्यामुळे विषम वर्षाच्या मे महिन्यात डेबियन फ्रीजमध्ये असते आणि उबंटूचा दुसऱ्या पॉइंट रिलीजचा आयएसओ दहा महिन्यांच्या दुरुस्त्या पोटात घेऊन तयार असतो. सम वर्षाच्या मे महिन्यात उबंटूची नवी आवृत्ती जेमतेम महिन्याची असते, तर डेबियनच्या आवृत्तीचे अनेक पॉइंट रिलीज होऊन गेलेले असतात. म्हणून सम वर्षात यंत्रे उघडणार असाल तर डेबियन, विषम वर्षात उबंटू, असा माझा सल्ला आहे. दोन्ही बाबतींत बसवल्यापासून सुमारे चार वर्षे सुरक्षा-दुरुस्त्या मिळतात. डेबियनच्या बाबतीत त्यांतली शेवटची दोन वर्षे दीर्घ-मुदत आधाराची असतात.

या सल्ल्याला दोन अपवाद आहेत. इंटरनेट नसलेल्या शाळेने कोणत्याही वर्षी डेबियनचाच डीव्हीडी आयएसओ घ्यावा. विषम वर्ष असेल तर त्या वेळी चालू असलेल्या स्थिर आवृत्तीचा, रिलीज कॅन्डिडेटचा नव्हे. आणि ३२ बिटांची जुनी यंत्रे अजून चालू असतील तर डेबियन १२ हाच शेवटचा मुक्काम आहे, कारण १३ मध्ये त्यांच्यासाठी इन्स्टॉलर दिलेला नाही आणि उबंटू व फेडोराने ती त्याआधीच सोडली आहेत.

ज्या यंत्रांवर विंडोजही आहे, त्यांच्यासाठी मागच्या वर्षीचा पेनड्राइव्ह पुन्हा वापरू नये. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका सुरक्षा-अद्ययावतीनंतर अनेक यंत्रांच्या सिक्युअर बूटने (मान्य सहीचेच बूटलोडर चालू देणाऱ्या सोयीने) जुने लिनक्स बूटलोडर नाकारले, आणि त्यावर खरा उपाय नवा बूटलोडर असलेला आयएसओ हाच आहे.

निवड झाल्यावर आयएसओचा शा-२५६ चेकसम (फाइलवरून काढलेली ओळख-संख्या) प्रकल्पाने सही करून दिलेल्या यादीशी ताडून पाहावा, खोलीतल्या सर्वांत जुन्या यंत्रावर पूर्ण स्थापना करून ते दोनदा बंद-सुरू करावे, वायफाय, ध्वनी आणि प्रिंटर तपासावेत, आणि मगच दुसरे यंत्र हाती घ्यावे. पेनड्राइव्हवर आवृत्तीचा पूर्ण आकडा आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी चिकटवावी. विषम वर्ष असेल आणि एखादे यंत्र रिकामे ठेवता येत असेल, तर त्यावर डेबियनचा त्या वेळचा रिलीज कॅन्डिडेट चालवून स्थापनेचा अहवाल पाठवावा. आपल्याकडे असलेली दहा-बारा वर्षांची यंत्रे इन्स्टॉलर बांधणाऱ्यांकडे क्वचितच असतात, आणि त्यांच्यावरचा दोष फ्रीजमध्येच कळला तर तो पुढच्या उन्हाळ्यापर्यंत आयएसओतून गेलेला असतो.