भाव पाडला, हत्ती पाहिला नाही

नाशिकच्या सातपूरमधल्या एका कारखान्यात मी क्वालिटी विभागात आहे. दिवसभर हातात व्हर्निअर नाहीतर मायक्रोमीटर, म्हणजे बारीक मापं घ्यायची साधनं. शाफ्ट दोन शतांश मिलिमीटर जास्त निघाला तरी लाल ट्रेमध्ये जातो, मग ऑपरेटर कितीही गयावया करो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं ऐकून आमच्या लॅबमधली पोरं अजून हसतात आणि त्यांचं काही चुकत नाही.

मला जुन्या नाण्यांची हौस आहे. फार मोठा संग्रह नाही, पगारात बसेल तेवढाच. पंचम जॉर्जचे चांदीचे रुपये १९११ ते १९२२ असे वर्षवार जमवायला घेतले होते. १९१२पासूनचे अकरा मिळाले. १९२१ आणि १९२२ने बराच घाम काढला, पण मिळाले. राहिला होता तो पहिलाच, १९११चा.

या १९११च्या रुपयाची गोष्ट संग्राहकांना पाठ असते. राजाच्या अंगावरच्या झग्यावर साखळी आहे, तिच्यात एक इवलासा हत्ती आहे. पहिल्या वर्षीच्या ठशात त्या हत्तीची सोंड इतकी आखूड कोरली गेली की लोकांना तो डुक्कर वाटला. ओरड झाली, सरकारने वाटप थांबवलं, आणि १९१२च्या रुपयावर हत्ती नव्याने कोरला, नीट सोंडेसकट. त्यामुळे १९११चा रुपया बाजारात ‘डुक्करछाप’ म्हणून ओळखला जातो आणि त्याला पुढच्या वर्षांच्या रुपयांपेक्षा बराच जास्त भाव मिळतो.

म्हणजे १९११चा रुपया ओळखायला साल वाचायची गरजच नाही. हत्ती बघायचा. हे मला माहीत होतं, चारचौघांत मी ते सांगतही असे.

आता माझ्या भाव करण्याविषयी. त्याचा मला अभिमान होता, तोही जरा जास्तच. लहानपणी आईचा हात धरून गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारात जायचो, भाव करणं तिथे शिकलो. विक्रेत्याच्या मालाला नावं ठेवायची नाहीत. ‘बाहेर निम्म्यात मिळतं’ असलं काही बोलायचं नाही. आवाज चढवायचा नाही. ‘माल छानच आहे हो, पण माझ्या खिशाला झेपेना’ म्हणायचं आणि थांबायचं. ते थांबणं महत्त्वाचं. समोरचा माणूस आपणहून खाली येतो. या पद्धतीने नाशिकच्या दोन-तीन नाणेवाल्यांशी माझे चांगले संबंध जमले होते. भांडून भाव करणाऱ्याला ते पुढचा चांगला माल दाखवत नाहीत, नम्र माणसाला आतला डबा काढून दाखवतात. हे खरं आहे आणि आजही खरं आहे.

तर २०२३च्या दिवाळीआधी सराफ बाजाराच्या मागच्या अंगाला एका गल्लीत, जिना चढून वरच्या खोलीत बसणाऱ्या एका व्यापाऱ्याकडे गेलो. नाव लिहीत नाही. त्याच्याकडून आधी तीनदा खरेदी केली होती. दोन साधे रुपये, एक पाव आणा, एकदा थोडे ढब्बू पैसे. सगळं खरं, भावही रास्त. ती तीन खरेदी म्हणजे गळाला लावलेली कणीक होती हे नंतर कळलं. अर्थात मी खूप नंतर असंही म्हणून बघितलं की कदाचित त्यालाही कोणी फसवलं असेल. पण त्याचं पुढचं बोलणं ऐकल्यावर तो विचार सोडून दिला.

“या साहेब, तुमचीच आठवण काढली होती,” म्हणाला. चहा आला. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या. मग ड्रॉवरमधून एक चौकोनी पुठ्ठा काढला. आपली नाणी ठेवायची चौकट असते ना, मधे पारदर्शक कागदाची गोल खिडकी आणि चार बाजूंनी पिना मारलेल्या, ती. खिडकीत साल दिसत होतं: १९११.

छातीत धडधडलं. चेहऱ्यावर दाखवायचं नाही म्हणून चहाचा घोट घेतला, आणि जीभ भाजली.

“डुक्करछाप,” तो हळूच म्हणाला, आणि मग ती सगळी गोष्ट त्यानेच मला सांगितली. साखळी, हत्ती, सोंड, ओरड. मी माना डोलावत होतो. आपल्याला माहीत असलेली गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना माणूस खूश होतो आणि तपासायचं विसरतो. पुठ्ठा उलटून राजाची बाजू पाहिली, पण खिडकीचा कागद जुना, ओरखडे पडलेले, वर ट्यूबलाइटची चकाकी. “छातीवर झीज आहे साहेब, शंभर वर्षं फिरलंय,” तो म्हणाला. मी विचारलं, “बाहेर काढून बघू का?” त्यावर तो हसला. “बघा की, तुमचंच आहे. फक्त पिना काढल्या की पुठ्ठा फाटतो, आणि नाण्याला हात लागला की...” वाक्य त्याने अर्धवटच सोडलं. मी लगेच म्हणालो, “नको नको, राहू द्या.”

माझं वाटोळं झालं ते इथे. दहा हजारांचा व्यवहार आणि मला पुठ्ठ्याची भीड पडली.

मग भाव. त्याने ९,५०० सांगितले. मी माझं नेहमीचं, “वस्तू सुंदर आहे शेठ, पण दिवाळी तोंडावर आहे.” आणि थांबलो. तो ८,५००वर आला. मी नाण्याकडे बघत थांबलो. (बघत, म्हणजे डोळे तिकडे होते. डोक्यात आकडे चालू होते.) ७,५००. मी उठायचं सोंग केलं नाही, उलट म्हणालो, “तुमचंही नुकसान नको.” तो गहिवरल्यासारखा झाला. “असं बोलणारं गिऱ्हाईक राहिलं नाही हो आता.” ६,२००ला हातावर हात मारला. मी मनातल्या मनात तीन हजार तीनशे वाचवल्याचा हिशेब मांडत होतो.

त्याच झोकात त्याने राणीछाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचे, चार रुपये पुढे सारले. घरात लक्ष्मीपूजनाच्या ताटात ठेवायला हवेच होते. एकेकाचे १,४०० सांगितले, १,१००ला आले. चांदी तेव्हा किलोला सत्तर-पंचाहत्तर हजारांच्या घरात होती. जुन्या रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम, त्यात बारात अकरा भाग चांदी, म्हणजे नुसत्या धातूचेच आठशेच्या आसपास होतात. हिशेब जमत होता. त्याने वरचा एक उचलून काचेवर टाकला. खण्ण. “बंदा रुपया आहे साहेब.” बाकीचे तीन वाजवा म्हणावंसं वाटलंही नाही. एकूण १०,६०० रुपये दिले. मागितलं तेव्हा कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून दिलं, ‘जुने नाणे, नग ५, मिळाले’. ना साल, ना धातू, ना दुकानाचं नाव. तेही मी घडी घालून खिशात ठेवलं आणि “आभारी आहे” म्हणालो.

लक्ष्मीपूजन झालं. नंतरच्या सोमवारी जेवणाच्या सुट्टीत पाचही नाणी लॅबमध्ये नेली, खरं तर मिरवायला. आमच्याकडे एक ट्रेनी मुलगी आहे. तिला नाण्यांतलं काही कळत नाही, पण काटा दिसला की वस्तू ठेवून बघायची खोड आहे. तिने राणीछाप एकेक ठेवले. ११.५८. ठीक, झिजलेला. दुसरा १०.९२. तिसरा १०.८५. चौथा ११.१०. “सर, लॉटमध्ये एवढा फरक?” ती म्हणाली.

मग दोऱ्याला बांधून पाण्यात वजन घेतलं. ही पद्धत घरीही करता येते, सोनाराचा छोटा काटा आणि पाण्याचा पेला पुरतो. पेला काट्यावर ठेवून आकडा शून्य करायचा, नाणं दोऱ्याने पाण्यात अधांतरी सोडायचं, तळाला टेकू द्यायचं नाही. जो आकडा येईल त्याने नाण्याच्या वजनाला भागायचं. खऱ्या रुपयाचं उत्तर १०.३च्या जवळपास येतं. माझ्या १०.९२च्या रुपयाने १.२५ दाखवले, म्हणजे उत्तर ८.७. जर्मन सिल्व्हर. नावात सिल्व्हर, आत तांबं, निकेल, जस्त. भिंगाखाली कडेच्या दात्यांवरून एक बारीक रेघ गोल फिरलेली दिसली, साच्याचे दोन भाग जुळतात तिथली. टाकसाळीतलं नाणं ठोकून बनतं, हे ओतलेलं होतं. वाजवून दाखवलेला तेवढा एक खरा.

पोटात गोळा आला आणि मी पुठ्ठ्याच्या पिना उपटल्या. पुठ्ठा फाटला नाही.

१९११चं वजन बरोबर आलं. चांदीही खरी. पाच सेकंद हायसं वाटलं. मग मायक्रोस्कोपखाली राजाची बाजू धरली. साखळीत हत्ती होता, आणि त्या हत्तीला सोंड होती. अगदी ऐटदार, खाली लोंबणारी सोंड. उलटं करून साल बघितलं. शेवटच्या दोन एकांमधलं अंतर बाकीच्या आकड्यांपेक्षा जास्त होतं, कारण तो शेवटचा एक मुळात एक नव्हताच, चारच्या उजवीकडचा उभा दांडा होता. डावीकडचा भाग कोणीतरी अवजाराने खरवडून वर पॉलिश मारलं होतं. घासल्याच्या रेघा एकाच दिशेने गेलेल्या स्पष्ट दिसत होत्या. १९१४चा रुपया. माझ्याकडे एक होताच.

शनिवारी परत गेलो. मी तेव्हाही नम्रच होतो, सवय जात नाही. त्याने नाणी हातात घेतली, काही क्षण पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, “साहेब, मी साडेनऊ सांगितले होते. माझ्या भावाला घेतलं असतं तर शब्द माझा होता. भाव तुम्ही पाडलात. त्या भावात जे बसतं ते मिळतं.” मी अवाक्. म्हणजे माझी घासाघीस हीच त्याची पळवाट. वर म्हणाला, “तरी तुम्ही सज्जन माणूस, दोन हजारांत सगळे परत घेतो.” चहाही मागवत होता.

नाणी घेऊन खाली उतरलो. ग्राहक आयोग, पोलीस, सगळ्यांनी सगळं सुचवलं, पण हातात ‘जुने नाणे, नग ५’ एवढंच होतं. गेलो नाही. जायला हवं होतं की नाही यावर घरात अजून वाद होतात.

आईला सांगितलं तेव्हा तिने एकच विचारलं, “भाव करायच्या आधी मोडून नाही बघितलंस?” मला आठवलं. बुधवारच्या बाजारात ती भाव विचारायच्या आधी भेंडीचं शेपूट मोडायची, नारळ कानाशी हलवायची. भेंडीवाल्याला त्यात अपमान वाटत नसे. मी तिचं गोड बोलणं उचललं आणि शेपूट मोडणं विसरलो.

हल्ली माझा क्रम उलटा असतो. आकडा कानावर पडायच्या आत म्हणतो, “काका, पिना काढून बघतो, पुठ्ठा फाटला तर नवा माझ्याकडून.” खिशात छोटा काटा, भिंग आणि पिना काढायचं चिमटं असतं. प्रत्येक नाणं वेगळं वजन करतो, वाजवतो तर सगळी वाजवतो. मग चिठ्ठीवर साल, धातू, वजन, तारीख आणि ‘खोटे निघाल्यास पूर्ण पैसे परत’ एवढं लिहून द्याल का, असं विचारतो. आणि हे सगळं झाल्यावरच भाव, तोही पूर्वीसारखाच गोड. पंचवटीतल्या एका वयस्कर नाणेवाल्याकडे पहिल्यांदा असं केलं तेव्हा संकोचाने कान तापले होते. त्याने काही न बोलता स्वतःचा काटा पुढे सरकवला आणि म्हणाला, “माझा चांगला आहे, तुमचा खेळण्यातला दिसतो.” ज्याला राग येतो तिथून मी नमस्कार करून निघतो.

अजून दोन गोष्टी, कारण नाशिकमध्ये या फार चालतात. ईस्ट इंडिया कंपनीचा १८१८चा ‘रामदरबार’ किंवा हनुमान असलेला आणा कोणी चमत्कारी म्हणून दाखवला तर हसून पुढे जा. कंपनीने असले आणे चलनात आणलेच नव्हते. दुसरं, ‘शेतात हंडा सापडला’ ही कथा. आपल्याकडे ती पटकन पटते, कारण १९०६ साली जवळच जोगलटेंभीला खरोखरच तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली होती, नहपान या क्षत्रप राजाची, आणि त्यातल्या जवळपास दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारून घेतला होता. पण सापडलेला ठेवा सरकारला कळवावा लागतो, १८७८पासून तसा कायदा आहे. रात्री फोन करून हंड्यातली नाणी विकणारा माणूस एकतर गुन्हा करतोय किंवा तुम्हाला गंडवतोय. बहुतेक वेळा दुसरंच. आणि जुन्या नाण्याचे लाखो देतो, आधी रिझर्व्ह बँकेचं शुल्क भरा, असं सांगणाऱ्याला तर उत्तरच देऊ नका. असल्या व्यवहाराशी आपला संबंध नाही आणि आपण कसलंही शुल्क घेत नाही, हे रिझर्व्ह बँकेने २०२१मध्ये जाहीर केलंय.

डोळा तयार करायचा असेल तर त्र्यंबक रस्त्याला अंजनेरीला नाणकशास्त्राची संस्था आहे, तिथलं संग्रहालय बघा. खरं नाणं पुष्कळदा पाहिलं की खोटं आपोआप खटकायला लागतं.

माझ्या अल्बममध्ये १९११चा खण अजून रिकामा आहे. १९१४चे मात्र दोन झालेत, त्यातल्या एकाच्या चाराचा उजवा दांडाच तेवढा उरलाय.