शाळेमागच्या गल्लीतली भेळेची गाडी

पूर्वी फाटकाला खेटून उभी असायची, आता गल्लीच्या टोकाला पिंपळाखाली लागते. चव तीच. कैरी बारीक चिरलेली, चिंचेचं पाणी घट्ट, आणि काका भेळ रद्दीच्या कागदात नाही, द्रोणात देतात. पिण्याच्या पाण्याचं पिंप झाकलेलं असतं, मी स्वतः बघितलंय.

एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या २०२० च्या नियमांनुसार शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त मीठ, साखर, तेलाचे पदार्थ विकायला बंदी आहे, आणि ती हवीच. त्या रंगीत तळलेल्या नळ्या पोरांच्या हाताशी नकोतच! पण सगळ्याच गाडीवाल्यांना एका माळेत ओवू नका. फेरीवाल्यांसाठी २०१४ चा कायदा आहे, त्याप्रमाणे त्यांना जागा आखून द्या.

काकांकडे गेलात तर कांदा-टोमॅटो जास्त, शेव कमी सांगा. तक्रार न करता देतात.