लिनक्सवर नोटेशन सॉफ्टवेअर: म्युझस्कोअर, लिलीपॉन्ड की रोझगार्डन?

लिनक्सवर नोटेशनसाठी, म्हणजे पाच रेघांच्या स्टाफवर नोटा लिहायला, काय वापरू असं कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, म्युझस्कोअर टाक आणि मोकळा हो. उत्तर चुकीचं नाहीये पण अर्धवट आहे. आधी हे ठरवायला लागतं की शेवटी तुम्हाला काय पाहिजे, वादकांच्या स्टँडवर ठेवायला कागद पाहिजे की ऐकायला ट्रॅक पाहिजे. दोन्ही पाहिजे हे सगळेच म्हणतात, पण त्यातलं आधी कोणतं ते ठरलं की निवड अर्ध्याहून जास्त झालीच समजा.

जे मिळत नाही ते आधी सांगून टाकतो. सिबेलियस आणि डोरिको ही नोटेशनची सॉफ्टवेअर लिनक्ससाठी नाहीत. फिनालेही कधी आलं नाही आणि आता तर विषयच संपला, १९८८ पासून चालत आलेल्या या सॉफ्टवेअरचं काम थांबवल्याचं ते बनवणाऱ्या मेकम्युझिकने ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर केलं. वाइनमध्ये (विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) ही मंडळी चालवायचा हट्ट करू नये असं माझं मत, चालू झालं तरी लायसन्स आणि ऑडिओ यांच्या मागे धावण्यात संगीत बाजूलाच राहतं. फिनालेवरून एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायची, आपली फाइल दुसऱ्या कशात तरी उघडली पाहिजे. म्हणजे म्युझिकएक्सएमएल, वेगवेगळ्या नोटेशन सॉफ्टवेअरमध्ये उघडणारा फाइलचा प्रकार. खाली जे काही आहे ते वाचताना हा मुद्दा डोक्यात असू द्या.

तर म्युझस्कोअर. २००२ मध्ये म्यूज नावाच्या लिनक्स सिक्वेन्सरमधला (नोटा रेकॉर्ड करून वाजवणारा प्रोग्राम) नोटेशनचा भाग वेगळा काढून हे सुरू झालं, म्हणजे जन्मच लिनक्सवरचा. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, आणि एकदा हात बसला की लिहिण्याचा स्पीड भारी येतो. एन दाबलं की नोट टाकायचा मोड चालू, ५ दाबलं की क्वार्टर नोट, ४ म्हणजे एट्थ, ६ म्हणजे हाफ, मग ए ते जी यातलं अक्षर दाबत सुटायचं, शून्य म्हणजे रेस्ट, वरचा-खालचा बाण म्हणजे अर्धा स्वर वर-खाली. माउस लागतच नाही. गाण्याचे शब्द टाकायला कंट्रोल एल, हायफन दाबला की त्याच शब्दाचा पुढचा तुकडा पुढच्या नोटेखाली जातो आणि स्पेस दिली की नवा शब्द, शब्द देवनागरीत असले तरी चालतात.

नवीन माणसाला हमखास छळणारी गोष्ट एकच. मधे एखादी नोट राहून गेली आणि ती तिथे टाकायला गेलात तर पुढच्या नोटा सरकत नाहीत, नवी नोट त्यांच्यावरच लिहिली जाते, कारण इथे बार म्हणजे पक्की चौकट आहे, त्यातले बीट कमी-जास्त होत नाहीत. पुढचं ढकलायचं असेल तर इन्सर्ट मोड वेगळा आहे, तो पहिल्याच दिवशी शोधून ठेवा, नाहीतर पुढचं सगळं कट करून परत पेस्ट करत बसाल आणि सॉफ्टवेअरला शिव्या द्याल.

डिसेंबर २०२२ मध्ये चौथी आवृत्ती आली आणि आवाजाच्या बाबतीत चित्रच बदललं. म्यूज साउंड्स नावाची व्हायोलिन, ब्रास, कॉयर वगैरेंची सॅम्पल्स, म्हणजे खऱ्या वाद्यांचे रेकॉर्ड केलेले आवाज, फुकट मिळतात, आणि स्कोअरमध्ये पिझिकाटो (तार बोटाने छेडणं) लिहिलंत तर पिझिकाटोच ऐकू येतं, क्रेसेंडोचा आवाज खरंच चढत जातो. जुन्या साउंडफॉन्टवर (वाद्यांच्या आवाजांची साधी फाइल) सगळी वाद्यं एकाच खेळण्यातून वाजल्यासारखी वाटायची, त्यापेक्षा कितीतरी वरचं काम आहे हे. फक्त डाउनलोड मोठं आहे आणि रॅम खातं, जुन्या लॅपटॉपवर पूर्ण ऑर्केस्ट्रा उघडलात तर मशीन धापा टाकणार, तिथे लिहिताना साधा साउंडफॉन्ट लावायचा आणि शेवटी ऐकायच्या वेळी म्यूज साउंड्स. आणि चार आली तेव्हा जॅकचा (लिनक्सवर ऑडिओ प्रोग्राम एकमेकांना जोडणारी सोय) सपोर्ट काढून टाकला होता, दुसऱ्या प्रोग्रामबरोबर सिंक करून काम करणाऱ्यांना ते चांगलंच टोचलं, त्यातले काही तीनवरच थांबले. अजून एक, चारमध्ये सेव्ह केलेली फाइल तीनमध्ये उघडेल यावर विसंबू नका.

छपाई? चांगली आहे. लेलँड नावाचा नोटांचा फॉन्ट ३.६ पासून आहे, स्कोर हे जुनं एनग्रेव्हिंग (छपाईसाठी नोटांची मांडणी करणारं) सॉफ्टवेअर बनवणाऱ्या लेलँड स्मिथ यांच्या नावावरून. पानं नीट दिसतात, पार्ट्स (एकेका वादकाची पानं) आपोआप वेगळे होतात, क्लॅरिनेटचा पार्ट ट्रान्सपोज होऊन निघतो. दहातल्या नऊ जणांना एवढं पुरे.

दहावा माणूस लिलीपॉन्डवाला. १९९६ मध्ये सुरू झालेला ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर उपक्रमातला प्रोजेक्ट, आणि यात स्टाफवर क्लिक करून नोटा टाकणं हा प्रकारच नाही. टेक्स्ट फाइल लिहायची, कंपाइल करायची, पीडीएफ निघते. सी अक्षरापुढे ४ लिहिलं की क्वार्टर नोट, ८ लिहिलं की एट्थ, आणि आकडा एकदा दिला की पुढच्या नोटांना तोच लागू, बदलेपर्यंत. एफ शार्प म्हणजे एफ-आय-एस, बी फ्लॅट म्हणजे बी-ई-एस. की सिग्नेचर डी मेजर दिली म्हणून एफ आपोआप शार्प होत नाही, प्रत्येक वेळी स्पष्ट लिहायचं, यावर नवखे लोक पहिल्या तासात वैतागतात.

वैतागण्यासारखं अजूनही आहे. रिलेटिव्ह मोडमध्ये प्रत्येक नोट आधीच्या नोटेच्या जवळात जवळ धरली जाते, मोठी उडी असेल तर वर जायला ॲपॉस्ट्रॉफी आणि खाली जायला कॉमा द्यायचा. एक कॉमा विसरलात की तिथून पुढची अख्खी ओळ एक सप्तक वर. फाइल बिनतक्रार कंपाइल होते, एरर काही नाही, आणि पीडीएफमध्ये चेलो लेजर लाइनवर (स्टाफबाहेरच्या जादा रेघांवर) चढून बसलेला. त्यावर उपाय ऑक्टेव्ह चेक, अधूनमधून एखाद्या नोटेला बजावून सांगता येतं की तू या सप्तकात असायला हवीस, नसशील तर ओरड. तसंच प्रत्येक बारच्या शेवटी उभी रेघ टाकायची सवय लावा, बीट कमी-जास्त झाले की प्रोग्राम लाइन नंबरसकट दाखवतो.

एवढा त्रास कशाला, तर पान बघा म्हणजे कळेल. नोटांमधलं अंतर, स्लरचा बाक, बीमचा तिरकेपणा, हे सगळं जुन्या हाताने कोरलेल्या प्लेट्स डोळ्यासमोर ठेवून केलंय आणि फार हात न लावता तसं निघतं. शिवाय फाइल साधं टेक्स्ट असल्याने गिटमध्ये (फाइलमधल्या बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर) ठेवता येते, कालपासून कोणत्या बारमध्ये काय बदललं ते दिसतं, आणि दोनशे छोटे तुकडे एकाच मांडणीत छापायचे असतील तर याला तोड नाही. साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये मात्र लिहू नका, लिलीपॉन्डसाठीच बनवलेला फ्रेस्कोबाल्डी हा एडिटर घ्या. डावीकडे कोड, उजवीकडे पान, पानावरच्या नोटेवर क्लिक केलं की कर्सर थेट त्या अक्षरावर. याच्याशिवाय मी लिलीपॉन्ड कुणालाच सुचवणार नाही.

पण लिलीपॉन्डमध्ये बसून चाल बांधायला जाऊ नका. मिडी फाइल (कोणती नोट कधी वाजवायची याची नोंद) निघते, ती ऐकून चुका पकडता येतात, बास. सूर सुचला की लगेच वाजवून बघायचा, नाही आवडला की पुसायचा, हे काम म्युझस्कोअरचं. तिथून म्युझिकएक्सएमएल काढून लिलीपॉन्डबरोबर येणाऱ्या कन्व्हर्टरने आणता येतं, फक्त कोड बराच साफ करावा लागतो, आणि परतीचा रस्ता जवळपास बंद आहे. म्हणून रचना पक्की झाल्याशिवाय तिकडे जायचंच नाही.

रोझगार्डनबद्दल थोडक्यात. हा मुळात मिडी सिक्वेन्सर, त्याला नोटेशनची खिडकी आहे. कीबोर्डवर वाजवून रेकॉर्ड करायचं आणि मग ते स्टाफवर बघून दुरुस्त करायचं अशी सवय असेल तर बरं पडतं. पण हा स्वतः आवाज काढत नाही, फ्लुइडसिंथसारखा सिंथ (नोटांचा आवाज काढणारा प्रोग्राम) वेगळा चालू करून जोडावा लागतो, लोक इन्स्टॉल करतात, प्ले दाबतात, शांतता, आणि अनइन्स्टॉल करतात. छापायचा स्कोअर यात शेवटपर्यंत न्यावा असं मला वाटत नाही, तो लिलीपॉन्डमध्ये एक्सपोर्ट होतो हे त्यातल्या त्यात चांगलं. फक्त गिटार टॅब (तार आणि फ्रेटच्या आकड्यांत लिहिलेलं संगीत) पाहिजे असेल तर टक्सगिटार, गिटार प्रोच्या फाइल्सही उघडतो, विषय मिटला.

इन्स्टॉल करताना डिस्ट्रोच्या रिपॉझिटरीतली म्युझस्कोअरची आवृत्ती आधी बघा, बऱ्याचदा जुनी असते. साइटवरून ॲपइमेज (इन्स्टॉल न करता चालणारी एकच फाइल) घ्यायची, प्रॉपर्टीजमध्ये एक्झिक्युट करायची परवानगी द्यायची आणि डबल क्लिक. उबुंटू २२.०४ किंवा त्यापुढचं असेल आणि काहीच घडत नसेल तर ॲपइमेजला लागणारी फ्यूज २ ची लायब्ररी नसते, ती टाकली की चालू होतं. आणि डाउनलोड म्युझस्कोअर डॉट ऑर्गवरून करा, म्युझस्कोअर डॉट कॉम ही स्कोअर शेअर करायची वेगळी साइट आहे, तिथे सबस्क्रिप्शनचे पैसे मागितलेले बघून सॉफ्टवेअरच विकत घ्यावं लागतं असा बऱ्याच जणांचा समज होतो.