गॅस-विजेचा दलाल आणि चार वर्षांचा करार

ओळखीच्या एक ताई इथे इंग्लंडमध्ये सलून चालवतात. त्यांना परवा गॅस-विजेचे करार लावून देणाऱ्या एका दलालाचा फोन आला आणि त्यांनी तो मला जसाच्या तसा सांगितला. ऐकताना माझा चहा गार झाला, कारण मला आलेल्या फोनची ती हुबेहूब नक्कल होती. इथे दुकान, टेकअवे, पाळणाघर काहीही चालवत असाल तर एवढं वाचाच.

आम्ही नवरा-बायको लाँड्रेट, म्हणजे लोकांनी येऊन मशिनवर कपडे धुवायचं दुकान, चालवतो. मोठे ड्रायर गॅसवर, मशिनं विजेवर, त्यामुळे भाड्याखालोखाल सगळ्यात मोठा खर्च हाच. २०२३ मध्ये चालू दुकान घेतलं. नवी जागा ताब्यात आली की तिथे आधीपासून असलेल्या सप्लायरशी (गॅस-वीज पुरवणाऱ्या कंपनीशी) आपला करार झालाच असं कायदा मानतो. त्याला डीम्ड कॉन्ट्रॅक्ट म्हणतात. दर चांगलेच चढे असतात, पण त्यातून बाहेर पडायला ना दंड, ना आगाऊ नोटीस. सप्लायरच्या परवान्यातच तशी अट आहे. फोन करणाऱ्याला हे पाठ होतं. मला त्याने उलटंच सांगितलं.

‘एनर्जी डिपार्टमेंटमधून बोलतोय, तुमचं मीटर आउट ऑफ कॉन्ट्रॅक्ट दिसतंय. शुक्रवारपासून इमर्जन्सी रेट लागेल, पुढे सप्लायही तोडू शकतात.’ कुठलं डिपार्टमेंट, ते शेवटपर्यंत कळलं नाही. आडनाव ऐकून लगेच हिंदीवर आला, ‘आप तो अपने ही हो’ वगैरे. मीटरचा नंबर त्यानेच वाचून दाखवला, त्यामुळे माणूस सप्लायरचाच वाटला. खरं तर तो नंबर काही गुपित नसतो, दलालांना पत्त्यावरून तो सहज मिळतो.

मग आली खरी कलाकारी. आधी पंधरा-वीस मिनिटं मोकळ्या गप्पा. ‘आमची फी तुम्हाला पडत नाही, सप्लायर देतो’, ‘नंतर स्वस्त मिळालं तर बदलू’, अशी सगळी आश्वासनं या गप्पांत. यातलं काहीही रेकॉर्ड होत नव्हतं. मग म्हणाला, ‘आता कंप्लायन्ससाठी छोटं रेकॉर्डिंग. मी वाचतो, तुम्ही फक्त यस म्हणा. मध्ये प्रश्न विचारलात तर सिस्टीम पहिल्यापासून सुरू करावी लागते.’ आणि आगगाडीच्या वेगाने वाचायला लागला. चार वर्षांची मुदत, युनिटचा दर, स्टँडिंग चार्ज (वापर असो-नसो, रोजचा ठरावीक आकार), करार बंधनकारक आहे हे मान्य, सगळ्याला यस. आधी गॅस, मग वीज. धंद्याच्या जोडणीला तोंडी करार चालतो, सहीची गरज नसते.

पुढे शेजारच्या ड्रायक्लीनरचं गॅसचं बिल सहज समोर आलं. सप्लायर तोच, करार जवळपास त्याच दिवसांतला, आणि दर माझ्यापेक्षा युनिटमागे दोन पेन्सनी कमी. मी सप्लायरला लेखी विचारलं, माझ्या दरात दलालाचं कमिशन किती? उत्तर आलं, युनिटमागे २ पेन्स. आमचा गॅस वर्षाला साधारण ६०,००० युनिट जातो. म्हणजे वर्षाला १,२०० पौंड, चार वर्षांत ४,८०० पौंड. ‘सप्लायर देतो’ ते हे! देतो सप्लायरच, पण माझ्याच दरात घालून वसूल करतो. असा दलाल मुदत लांबवायच्या मागे का असतो, हेही त्या आकड्यात दिसतं.

करार मोडायचा म्हटलं तर काय? घरगुती ग्राहकाला विचार बदलायला १४ दिवस मिळतात. धंद्याच्या कराराला तसा कूलिंग-ऑफ नाही. दुसऱ्या सप्लायरकडे जायला निघालात तर जुना सप्लायर चालू करार दाखवून हरकत घेतो आणि बदल तिथेच अडतो. दलालाला फोन केला तर त्याने हात वर केले, ‘हमारा काम हो गया’.

पण सप्लायरला असे हात वर करता येत नाहीत. १९८६ च्या गॅस कायद्याने आणि १९८९ च्या वीज कायद्याने परवाना त्याला घ्यावा लागतो, आणि त्या परवान्याच्या अटी ऑफजेम ही सरकारी नियामक संस्था ठरवते. या अटींना दात आहेत. घरगुती ग्राहकांना खोटं सांगून विक्री केल्याबद्दल २०१३ मध्ये एसएसई कंपनीला १ कोटी ५ लाख पौंडांचा दंड झाला होता. धंद्याच्या बाबतीत छोट्यांसाठी वेगळी सोय आहे. दहापेक्षा कमी माणसं आणि उलाढाल २० लाख युरोंच्या आत, किंवा वर्षाला वीज १ लाख युनिटच्या आत, किंवा गॅस २,९३,००० युनिटच्या आत असेल तर तुम्ही मायक्रोबिझनेस. अशा ग्राहकाला कराराच्या मुख्य अटी आधी समजावून सांगणं सप्लायरवर बंधनकारक आहे, मग ग्राहक दलालामार्फत आलेला का असेना. ऑक्टोबर २०२२ पासून त्या मुख्य अटींत दलालाचं कमिशनही दाखवावं लागतं. त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून, ज्या दलालाने तक्रार निवारण योजनेत नाव नोंदवलंय त्याच्याशीच सप्लायरने अशा ग्राहकांसाठी काम करायचं, असा नियम आहे.

म्हणून मी दलालाचा नाद सोडून सप्लायरला धरलं. डेटा प्रोटेक्शन कायद्याखाली रेकॉर्डिंग मागितलं. कायद्याने ते साधारण महिन्याभरात द्यावं लागतं, आणि मिळालं. दोन तुकडे होते, गॅसचा वेगळा, विजेचा वेगळा. गॅसच्या तुकड्यात कमिशनचं अवाक्षर नव्हतं, मला पाठवलेल्या कागदातही नव्हतं. विजेच्या तुकड्यात मात्र होतं. अर्ध्या सेकंदात उरकलेलं, पण होतं.

लेखी तक्रार केली. सप्लायरचं पहिलं उत्तर छापील होतं, ‘आपण तोंडी संमती दिली आहे.’ तक्रार आठ आठवड्यांत सुटली नाही, किंवा त्याआधीच सप्लायरने डेडलॉक लेटर (‘आमच्याकडून आता आणखी काही होणार नाही’ असं पत्र) दिलं, तर एनर्जी ओम्बड्समन या स्वतंत्र तक्रार निवारकाकडे जाता येतं. ते फुकट असतं, आणि त्यांचा निकाल आपण स्वीकारला तर सप्लायरला पाळावाच लागतो. मी गेलो. सोबत पाठवलं रेकॉर्डिंग, त्यातलं कुठल्या मिनिटाला काय आहे याचा कागद, बिलं आणि सप्लायरचं कमिशनवालं पत्र. फोनवरच्या गोड गप्पांचा काही उपयोग झाला नाही, कारण त्यांचा पुरावाच नव्हता. रेकॉर्ड न झालेल्या बोलण्याला तिथे किंमत शून्य, हे ताईंना मी दोनदा सांगितलं.

त्यांना आणखी एक सांगितलं. माझ्या दलालाने मला ईमेलवर एक लेटर ऑफ ऑथॉरिटी (अधिकारपत्र) पाठवलं होतं, ‘फक्त दर बघायला’. नीट वाचलं तर त्यात ग्राहकाच्या वतीने करार करायचा अधिकारही होता. मी सही केली असती तर यस म्हणायचीसुद्धा गरज उरली नसती! द्यायचंच असेल तर करार करण्याची ओळ खोडून, शेवटची तारीख घालून द्यावं. आणि दर ऐकण्याआधी एकच मागावं, युनिटमागचं कमिशन पेन्समध्ये, ईमेलवर. ताईंनी मागितलं. फोन तिकडूनच कट झाला.

आमच्या प्रकरणात गॅसचा करार दंड न लावता सुटला आणि तोवर भरलेलं कमिशन बिलात वळतं झालं. विजेचा करार कायम राहिला, तो २०२७ पर्यंत चालेल.