टायमरचा एलईडी दिवा : उजेडात पास, अंधारात नापास

म्हापशाच्या बाजारातून दोन फुटी फिश टँकसाठी घेतलेला हा टायमरचा एलईडी दिवा पाणवनस्पतींसाठी उत्तम आहे, हे आधी सांगायला हवे. पण टाकीवरचा दिवा मी उजेडापेक्षा अंधारावरून पारखतो आणि नेमका तिथेच हा कमी पडतो.

माशांच्या मेंदूतील पिनिअल ग्रंथीला उजेड थेट कळतो आणि अंधार पडला की तिच्यातून मेलाटोनिन हे शरीराला रात्र झाल्याचे कळवणारे संप्रेरक स्रवते. झेब्राफिशच्या तर हृदयाच्या पेशीही प्रकाश स्वतः ओळखून आपले जैविक घड्याळ लावून घेतात. रोगप्रतिकारशक्तीही याच तालावर चढते-उतरते. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रेनबो ट्राउटच्या त्वचेतील रोगप्रतिकाराशी निगडित जनुकांचे काम दिवसरात्रीप्रमाणे बदलताना आढळले आणि सतत उजेडात ठेवलेल्या माशांत ही लय विस्कटली. त्यामुळे रात्रीचा अंधार ही माशांची चैन नव्हे, गरज आहे.

आपल्याकडे पावसाळ्यात वीज जाणे नित्याचेच. या दिव्यात बॅटरी नसल्याने वीज परतली की टायमर वेळ विसरतो आणि मध्यरात्र असली तरी दिवा पूर्ण ताकदीने पेटतो. रात्री निऑन टेट्रांची निळी पट्टी फिकट पडलेली असते. तशा अवस्थेत झाडांच्या बुडाशी स्थिरावलेले ते मासे एका क्षणात काचेवर आदळत सैरावैरा धावू लागले. अशा भेदरण्याने शरीरात कॉर्टिसोल हे ताणाचे संप्रेरक वाढते आणि ते वाढलेलेच राहिले, तर प्रतिकारशक्ती दबते. त्यात मासे थंड रक्ताचे. संततधारेत पाण्याचे तापमान उतरले की त्यांची प्रतिकारयंत्रणा आधीच मंदावते, आणि पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाला याहून सोयीची वेळ नाही. हीटर लावून पाण्याची ऊब राखता येते, पण मोडलेल्या रात्रीवर त्याचा उपाय नाही.

दुसरी तक्रार ‘मूनलाइट’ची, म्हणजे रात्रीसाठी दिलेल्या निळ्या उजेडाची. दिसायला तो देखणा आहे, पण मुख्य दिवा मालवल्यावर तो आपोआप लागतो आणि वेगळा बंद करण्याची सोयच नाही. दिवा हळूहळू मंदावतही नाही, फटकन विझतो.

विक्रेत्याने बदलून देण्यास नकार दिला. अखेर वेळ बॅटरीवर टिकवणारा स्वतंत्र डिजिटल टायमर सॉकेटला जोडला. ठरलेल्या वेळी तो दिव्याचा वीजपुरवठाच तोडतो, म्हणून निळा उजेडही जातो. मात्र त्याचा खर्च धरला तर हा दिवा स्वस्त म्हणवत नाही. पाचपैकी अडीच तारे.